टू-के स्क्रीनसाठी अकरा हजार जास्त? आधी फोन डोळ्यापासनं किती लांब धरतोस ते मोज

भावा, तुझा प्रश्न असा की दोन फोन बघून ठेवलेत, दोन्ही ६.७ इंची, एक १०८०×२४०० चा, म्हणजे फुल एचडी प्लस, आणि दुसरा १४४०×३२०० चा, म्हणजे टू-के, मधे अकरा हजारांचा फरक, आणि दुकानातला पोरगा म्हणतोय की एकदा टू-के बघितलं की परत खाली यायला नको वाटतं. हे खरं का, आणि दरवर्षी वाढत चाललेल्या ह्या रिझोल्यूशनचा, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या संख्येचा, आपल्याला काही उपयोग आहे का. तर माझं उत्तर असं की त्या अकरा हजारातला एक रुपयासुद्धा मी रिझोल्यूशनसाठी म्हणून देणार नाही. त्या महाग फोनात बाकीच्या काही गोष्टी बऱ्या असू शकतात, त्यांच्यासाठी द्यावेत का हा वेगळा विषय, त्याचं पुढं सांगतो.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल रिपेअरिंग करतो, सोळा वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त नुसती स्क्रीनची कामं. फुटलेली काच वेगळी काढणं, ओसीए (काच चिकटवायचा पारदर्शक गम) बदलणं, कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र जोडलेला) टाकणं, दिवसभर हेच. नवीन फोन मी विकत नाही त्यामुळं तू कुठला घेतलास तरी माझ्या खिशात काय पडणार नाही. पडलाच तर तू फोन पाडल्यावर पडेल.

आधी डोळ्याचा हिशेब बघू कारण सगळी गोम तिथंच आहे. डोळ्याच्या डॉक्टरकडं तो अक्षरांचा तक्ता असतो ना, ६/६ वाला, त्यात ६/६ च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरनं साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि त्या अक्षराच्या रेघेची जाडी डोळ्याशी एका कलेचा कोन करते, कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. ह्याच्यापेक्षा बारीक दोन रेघा शेजारीशेजारी असल्या तर ६/६ डोळ्याला त्या एकच दिसतात. हाच कोन एका फुटावर, म्हणजे तू फोन धरतोस तिथं आणला तर होतात ०.०८७ मिलिमीटर. जाडसर केसाएवढं. म्हणजे फूटभर अंतरावर इंचात साधारण २९० ठिपके झाले की ६/६ डोळ्याचं पोट भरलं.

आता तुझे दोन फोन घे. पायथागोरस लावून बघ, १०८०×२४०० चा ६.७ इंची फोन म्हणजे ३९३ पीपीआय (इंचात किती ठिपके तो आकडा), १४४०×३२०० चा ५२४. पण पीपीआयच्या आकड्यात मजा नाही, मी गिऱ्हाइकाला अंतरात सांगतो, ते लगेच डोक्यात बसतं. ६/६ डोळ्यानं फुल एचडी प्लसचा ठिपका ओळखायचा असेल तर फोन २२ सेंटीमीटरवर आणावा लागतो. २२ सेंटीमीटर म्हणजे किती, आपली एक वीत. टू-केचा ठिपका ओळखायला १७ सेंटीमीटर. आणि तेच एचडी प्लस, ७२०×१६०० वाला, त्याचा ठिपका ३३ सेंटीमीटरवरनंच दिसायला लागतो, म्हणजे नेहमी धरतो तिथनंच. ह्यात सगळा निकाल आला. एचडी प्लसवरनं फुल एचडी प्लसवर गेलास तर फरक तुझ्या नेहमीच्या अंतरात पडतो, फुल एचडी प्लसवरनं टू-केवर गेलास तर फरक पडतो तो वीतभर अंतराच्या आत, आणि एवढ्या जवळ फोन धरून कोण बसतंय, रात्री उशीवर आडवं पडून रील बघणारा सोडला तर.

हा, एक गोष्ट मात्र कबूल करतो. ६/६ ही काही डोळ्याची शेवटची हद्द नव्हे. वीस-पंचवीसच्या पोरांचे डोळे कधीकधी ६/४ पर्यंत चांगले असतात, तू चोवीसचा आहेस म्हणतोस तर तुझे असतीलही, तसल्या डोळ्याला सगळी अंतरं दीडपट धर. मग फुल एचडी प्लस वीतभराऐवजी फूटभरावर येतं. म्हणजे कागदावर तरी तुला फरक दिसू शकतो. पण तो कधी, तर पांढऱ्यावर काळ्या बारीक रेघा, भरपूर उजेड, आणि तू फरक शोधायलाच बसलायस तेव्हा. फोटो, व्हिडिओ, क्रिकेट ह्यात तसल्या रेघा नसतातच.

आणि उलट बाजू बघ. चाळिशी ओलांडली की जवळचं फोकस होईना, माणूस फोन लांब लांब न्यायला लागतो, ४०-४५ सेंटीमीटरवर. तिथं २०० च्या आसपास पीपीआय असला तरी पुरतो. आता मला सांग सत्तर-ऐंशी हजाराचा टू-के फोन कोल्हापुरात कोण घेतं? बहुतेक पंचेचाळीस-पन्नाशीची माणसं, चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, आणि अक्षर साईज सगळ्यात मोठी करून. एका ओळीत चार शब्द. त्यांना मी काय बोलत नाही, स्क्रीन बदलायला तीच येतात.

आपल्या गावात सगळ्यांना पटणारं उदाहरण म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. चौकात वीस फुटी फ्लेक्स लागतो, खालनं बघताना साहेबांच्या मिशीचा केस न केस दिसतो, पण वर शिडीवर जाऊन बघितलंस तर नुसते ठिपके, तोंड कुठं आणि गॉगल कुठं कळत नाही. फ्लेक्सवाल्याला माहीत असतं कुठनं बघणार, तो उगाच शाई घालवत नाही. घरातला ५५ इंची फोर-के टीव्हीसुद्धा इंचाला ८० ठिपक्यांचाच असतो की, पण आठ फुटावरनं कोण म्हणतं का धुरकट आहे.

मग ही शर्यत लागली कशी? सुरुवातीला ती खरी होती, हे मान्य केलं पाहिजे. २०११ ला गॅलक्सी वाय आला होता, आठवत असेल घरात कुणाकडं तरी होता, ३ इंच आणि २४०×३२०, म्हणजे १३३ पीपीआय. त्याचा ठिपका दोन फुटावरनं दिसायचा. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० ला ॲपलनं आयफोन ४ काढला, ३.५ इंचात ६४०×९६०, ३२६ पीपीआय, आणि स्टीव्ह जॉब्सनं स्टेजवर सांगितलं की दहा-बारा इंचावर धरल्यावर ३०० च्या आसपास डोळ्याची हद्द येते. त्याच्यावर तेव्हा वाद झाला, डिस्प्ले तपासणारे रेमंड सोनेरा म्हणाले की एकदम चांगल्या डोळ्याला ह्यापेक्षा जास्त लागतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते, एकजण साध्या डोळ्याचं बोलत होता आणि दुसरा पैलवान डोळ्याचं. मी तो फोन पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा खरंच वाटलं की काचेवर कुणी छापील कागद चिकटवलाय. १३३ वरनं ३२६ ही उडी आंधळ्यालाही दिसेल अशी होती.

तिथनं पुढं मात्र आकडा चालत राहिला आणि डोळा तिथंच राहिला. २०१३ ला फुल एचडी, २०१४ ला एलजी जी३ मधे क्यूएचडी (आजचं टू-के म्हणतात तेच), ५.५ इंचात ५३८ पीपीआय. आणि २०१५ ला सोनीनं एक्सपीरिया झेड५ प्रीमियम आणला, ५.५ इंचाच्या फोनवर चक्क फोर-के. साधारण ८०० पीपीआय. माझ्या हिशेबात त्याचा ठिपका दिसायला फोन ११ सेंटीमीटरवर आणावा लागतो आणि तेवढ्या जवळ चाळिशीच्या माणसाचा डोळा फोकसच करू शकत नाही, म्हणजे जिथं दिसेल तिथं दिसतच नाही असली गंमत. बरं तो फोनसुद्धा फोर-केमधे फक्त फोटो आणि व्हिडिओ दाखवायचा, बाकी मेनू-बिनू सगळं १०८० वर चालायचं आणि वर ताणून दाखवायचं. सोनी बरीच वर्षं ह्या नादात राहिली, २०१९ च्या एक्सपीरिया १ लाही फोर-के होतं, आणि २०२४ च्या एक्सपीरिया १ सहाव्या पिढीत गुपचूप फुल एचडी प्लसवर परत आली. जी कंपनी सगळ्यात पुढं पळत होती तीच परत फिरली, ह्यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा.

सॅमसंगचं बघ. २०१७ च्या एस८ पासनं पॅनेल क्यूएचडी प्लसचं, म्हणजे टू-केचं, पण डब्यातनं काढल्यावर फोन फुल एचडी प्लसवर लावलेला असतो, वर न्यायचं तर सेटिंगमधे जाऊन स्वतः करायचं. माझ्याकडं असले फोन रिपेअरला येतात, लॉक उघडून टच तपासायला सेटिंग उघडतो, बहुतेक फोन कंपनीनं लावलेल्या फुल एचडी प्लसवरच असतात. मालकाला विचारलं तर म्हणतो माझा टू-के आहे. तीन-तीन वर्षं वापरून त्याला पत्ता नाही. २०२० च्या एस२० ला तर टू-के आणि १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं) एकत्र चालतच नव्हतं, एक निवडा म्हणायचा, आणि लोकांनी काय निवडलं असेल? १२० हर्ट्झ. पुढच्या वर्षी साध्या एस२१ ला कंपनीनं पॅनेलच फुल एचडी प्लसचं दिलं. थोडी बोंब झाली पण फोन काय अडला नाही.

आता दुकानातला किस्सा. गुजरीतला एक सराफ आहे, नेहमीचा गिऱ्हाईक, दागिन्याच्या डिझाईनचे फोटो दिवसभर फोनवर. त्यानं नवीन टू-के फोन घेतला आणि स्क्रीनगार्ड लावायला आला. मी म्हणलं काका कशाला एवढा महाग, तर म्हणाले हिऱ्याचं काम आहे, बारीक दिसलं पाहिजे. आणि खिशातनं दहा एक्सचं भिंग काढून स्क्रीनलाच लावलं. बघितलं आणि तोंड कडू. म्हणाले अरे ठिपके दिसतायत की! म्हणलं काका भिंगातनं बघितल्यावर दिसणारच, आणि या इकडं, आणखी दाखवतो.

बेंचवरच्या मायक्रोस्कोपखाली फोन ठेवला, पांढरी स्क्रीन लावली. हे ज्यानं बघितलं नाही त्यानं एकदा बघावंच. पांढरं असं काही नसतंच तिथं. काळ्या पटावर बारीक बारीक हिरवे ठिपके, आणि त्यांच्या मधे तिरक्या चौकटीत लाल आणि निळे, निळा सगळ्यात थोराड कारण निळ्याचा दम लवकर जातो म्हणून त्याला जागा जास्त दिलेली. आणि मोजायला लागलं की कळतं हिरवे पूर्ण आहेत पण लाल आणि निळे निम्मेच. ह्याला पेनटाइल म्हणतात, बहुतेक ॲमोलेडमधे, म्हणजे जिथं प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या ओएलईडी जातीच्या स्क्रीनमधे, हेच असतं. एलसीडीच्या (मागनं लाईट लावलेली स्क्रीन) एका पिक्सेलमधे, म्हणजे एका ठिपक्यात, लाल हिरवा निळा असे तीन दाणे असतात, ह्यात हिशेबानं दोनच येतात. म्हणजे डब्यावर लिहिलेला आकडा हिरव्याच्या बाबतीत खरा, लाल-निळ्याच्या बाबतीत निम्मा. डोळा बारकावा प्रामुख्यानं उजेडातनं ओळखतो आणि उजेडाचा मोठा वाटा हिरव्याचा, म्हणून चालून जातं. पण टू-केच्या बाजूनं बोलायचं तर एवढा एक मुद्दा आहे, पेनटाइल स्क्रीनवर जास्त ठिपके असले तर अक्षराच्या कडेला जी गुलाबी-हिरवट झाक येते ती आणखी दबते. ३९३ वर ती झाक मला जवळनं कधीकधी जाणवते. पण मी मायनस साडेतीनवाला माणूस, चष्मा काढून फोन २५ सेंटीमीटरवर धरतो आणि दिवसभर हेच बघतो. माझ्या बायकोला दाखवली तर म्हणाली तुम्हाला काय कामं नाहीत का.

सराफकाकांनी भिंग खिशात टाकलं आणि वर काय सांगितलं, तर गार्ड मॅटचा लाव, बोटाचे डाग पडत नाहीत. झालं! मॅट गार्ड म्हणजे वरची काच खरखरीत केलेली असते, तिच्यातनं प्रत्येक ठिपका थोडा पसरतो, पांढऱ्या स्क्रीनवर साखर सांडल्यासारखी चमचम दिसते. टू-केच्या स्क्रीनवर मॅट गार्ड लावणं म्हणजे तांबड्या रश्शात तांब्याभर पाणी ओतणं. प्रायव्हसी गार्डचं त्याहून वाईट, तो उजेड पण खातो. दीडशे रुपयाच्या गार्डनं दहा हजाराचं रिझोल्यूशन मारलं आणि काका खूष होऊन गेले. आजपर्यंत तक्रार नाही.

ह्याच्याहून पटणारा किस्सा पाहिजे तर कॉपी कॉम्बोचा. कागलकडनं एकजण आला, चांगला ॲमोलेड फोन, फुल एचडी प्लस, दुसरीकडं कुठंतरी स्वस्तात स्क्रीन बदलून घेतलेली. ह्या धंद्यात ओरिजिनल ॲमोलेड महाग पडतं म्हणून त्याच मापाचं एलसीडी कॉम्बो मिळतं, निम्म्याहून कमी पैशात, आणि त्यातली बरीचशी ७२० ची असतात, ते कोण सांगत नाही. त्याच्या तक्रारींची यादी ऐक, स्क्रीनमधलं फिंगरप्रिंट चालेना, काळं आता काळं न दिसता करडं दिसतंय, बॅटरी लवकर उतरते, उन्हात काही दिसत नाही, आणि काच फ्रेमच्या वर आलीय. सगळं बरोबर होतं. मायक्रोस्कोपखाली घातला तर ठिपके मोजून कळलं ७२० आहे. रिझोल्यूशन निम्म्यापेक्षा खाली आलेलं, २६ लाखाच्या जागी साडेअकरा लाख पिक्सेल, आणि ती एकच गोष्ट त्याला जाणवली नव्हती! बाकी पाचही जाणवल्या. ह्याच्यावरनं माणसाचा डोळा स्क्रीनमधे नेमकं काय बघतो ते समज.

तरी पण म्हणून एकदम खाली जाऊ नकोस. ७२० वाला मोठा फोन मी घेऊ नको म्हणून सांगतो आणि त्याचं कारण आपली लिपी. इंग्रजी अक्षर सुटसुटीत, एबीसीडीला वर-खाली काय फारसं नसतं. देवनागरीचं तसं नाही, एकाच ओळीच्या उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, त्याच्यावर अनुस्वार, रफार, खाली उकार, आणि पोटात जोडाक्षर. "राष्ट्रीयीकृत" किंवा "द्वंद्व" असला शब्द बारीक टायपात २६० पीपीआयवर बघ, शिरोरेषा एका पिक्सेलची होते, अनुस्वार मात्रेला चिकटतो, द्ध आणि द्व सारखेच दिसतात. मोबाईलवर सातबाराचा पीडीएफ उघडून गट नंबरच्या पुढची फेरफाराची बारीक ओळ झूम न करता वाचायची म्हणलं की लगेच कळतं स्क्रीन कितीची आहे. पेपरची ई-आवृत्ती पूर्ण पान लावून बघणाऱ्यालाही. इंग्रजी वाचणाऱ्याला ३०० पुरत असतील तर मराठी वाचणाऱ्यानं ४०० च्या आसपास धरावं असा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे, रोज बघून बनलेलं मत. आणि ४०० म्हणजे फुल एचडी प्लसच झालं की. म्हणून म्हणतो ७२० नको, १०८० घे, आणि तिथं थांब.

जास्त पिक्सेलचा त्रास काय, तर बॅटरी. लोक समजतात स्क्रीनच जास्त वीज खाते, ते पूर्ण बरोबर नाही. ओएलईडीमधे स्क्रीनचा खर्च मुख्यतः किती मोठी आणि किती उजळ त्याच्यावर असतो. पण १०८०×२४०० म्हणजे २६ लाख पिक्सेल आणि १४४०×३२०० म्हणजे ४६ लाख, पावणेदोनपटीपेक्षा जास्त, आणि सेकंदाला १२० वेळा ते सगळे रंगवायचे काम चिपला लागतं. गेम खेळताना हे जाणवतं, फोन तापतो. एलसीडीमधे आणखी एक भानगड, प्रत्येक पिक्सेलच्या कोपऱ्यात ट्रान्झिस्टर आणि वायरिंग बसतं, पिक्सेल बारीक केला की उजेड जायची खिडकी लहान होते आणि मागची लाईट जास्त लावावी लागते. वेळ वाचवायचा तर एवढं पुरे. टू-के घेतलासच तर फुल एचडी प्लसवर लावून वापर, पण मग घेतलास कशाला.

आणि बघणार काय त्याच्यावर? व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो आधीच दाबून आलेला असतो, एचडीचा पर्याय २०२३ ला आला पण काका-मामा लोकांनी तो अजून दाबलेला नाही. रील १०८० रुंदीची. मॅच मोबाईल डेटावर ऑटोवर सोडली की गगनबावड्याच्या रस्त्याला लागल्यावर ४८० वर येते, तिथं टू-के काय करणार, ४८० लाच मोठं करून दाखवणार.

मग पैसे घालायचे कशात. सगळ्यात आधी ब्राइटनेस, आणि ते सुद्धा जाहिरातीतले पीक निट्स (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) बघून नव्हे. ४५०० निट्स लिहिलेलं असतं ते स्क्रीनच्या एका लहानशा तुकड्यावर, एचडीआर (जास्त उजळ-गडद दाखवणारा) व्हिडिओ चालू असताना. तू विचार एचबीएम किती, म्हणजे उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते, हजाराच्या वर पाहिजे. पन्हाळ्याच्या बाजूचा एक शेतकरी दादा मला म्हणाला होता की ऊस तोडायला लावलेला असतो, ट्रॅक्टरवाल्याचा फोन येतो, नंबर दिसत नाही म्हणून मी टोपी काढून फोनवर धरतो आणि टोपीत तोंड घालतो. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड पडतो, काचेवरनं परत फिरणारा उजेडच फोनच्या उजेडाला गिळतो. त्याला आठशे पीपीआय दे नायतर आठ हजार, टोपी काढावीच लागणार. त्याच्या त्या फोनचं पॅनेल साधारण ४०० निट्सवालं एलसीडी होतं.

दुसरं, रात्रीची लुकलुक. बरेच ओएलईडी उजेड कमी करायचा म्हणजे खरोखर मंद करत नाहीत, भराभर चालू-बंद करतात, सेकंदाला २४० वेळा वगैरे. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्याला होतो त्याचं डोकं धरतं, डोळे चुरचुरतात, आणि तो बिचारा चष्म्याचा नंबर तपासत फिरतो. हल्लीचे काही फोन १९२०, २१६०, ३८४० असल्या वेगानं करतात, ते बरं. दुकानात तपासायची सोपी युक्ती सांगतो, नव्या फोनचा ब्राइटनेस पार खाली कर, पांढरी स्क्रीन लाव, आणि तुझ्या जुन्या फोनचा कॅमेरा प्रो मोडवर घेऊन शटर १/२००० किंवा त्याहून जलद करून त्याच्यावर धर. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक मोठी, बारीक आणि फिकट दिसले तर चालतंय. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

तिसरं १२० हर्ट्झ, ते तर तुझ्या दोन्ही फोनला असणारच, आणि तो फरक मात्र आजीलाही दिसतो, वर-खाली सरकवताना अक्षर वाचता येतं.

आणि चौथं माझ्या धंद्यातलं. घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलच्या डिस्प्लेची किंमत विचार. कोण विचारत नाही. टू-के पॅनेल, त्यात कडा वळवलेली, हे पडल्यावर जे बिल येतं ते ऐकून माणसं बेंचच्या स्टुलावर बसतात. वळलेल्या कडेला साधा टेम्पर्ड नीट बसत नाही, मग यूव्ही गमवाला लावतात, तो गम नीट न लावला तर स्पीकरच्या जाळीत उतरतो आणि मग कॉलला आवाज बारीक. असले महिन्यात दोन-चार तरी येतातच. सपाट काच घे बाबा. दिसायला साधी, पण टिकते.

टू-के कुणी घ्यावं? फोन डब्यात घालून डोळ्याला बांधायचे ते व्हीआरचे दिवस आठवतात का, तिथं भिंगातनं बघायचं असल्यानं कितीही पिक्सेल कमीच, पण ते आता वेगळ्या यंत्रात गेलं. स्टायलसनं बारीक चित्र काढणारा, फोनवरच नकाशे आणि ड्रॉइंग बघणारा, उद्यमनगरात एकजण आहे जो डायची ड्रॉइंग पूर्ण पान लावून फोनवर बघतो, मायनस पाचचा चष्मा काढून, नाकाजवळ धरून. त्याचा फोन डोळ्यापासनं वीतभरसुद्धा लांब नसतो. त्याला मी स्वतः सांगितलं टू-के घे म्हणून.

तू सांगितलेल्या दोघातला स्वस्त फोन सपाट काचेचा असेल आणि उन्हात बरा दिसत असेल तर तोच घे. दुकानात जाताना फोनमधे घरचा एखादा सातबारा पीडीएफ आणि एक नीट काढलेला फोटो घेऊन जा, दोन्ही डेमो फोनवर पाठव, ब्राइटनेस आधी सारखा करून घे (हे विसरू नकोस, कारण जो जास्त उजळ असतो तोच सगळ्यांना जास्त रिझोल्यूशनचा वाटतो, मी स्वतःसुद्धा एकदा फसलोय), मित्राला फोन अदलाबदल करायला सांग आणि तू पाठ फिरव. मग दुकानाच्या दारात उन्हात येऊन पण एकदा बघ. तुला पाचपैकी पाच वेळा टू-केवाला ओळखता आला तर खुशाल अकरा हजार दे, आणि एकदा राजारामपुरीत ये, तुझे डोळे मला बघायचेत.